जालिंदरची तासवारी

जालिंदर कांबळेचं अक्षर इतकं सुरेख होतं, की कारखान्यातल्या लोकांनी लग्नपत्रिकांवरचे पत्ते त्याच्याकडून लिहून घ्यावेत आणि चहा मात्र दुसऱ्याला पाजावा. त्याला त्याचं काही वाटत नसे. निदान तो तसं दाखवत नसे. मान खाली घालून तो पत्ते लिहायचा, शाई वाळेपर्यंत फुंकर घालायचा आणि गठ्ठा दोरीनं बांधून परत द्यायचा.

त्याचा बाप धोंडिराम माधवनगरच्या गिरणीत मागावर उभा राहून म्हातारा झालेला. छप्पन्न साली घरादारानं दीक्षा घेतली तेव्हा जालिंदर सात वर्षांचा होता. धोंडिरामनं कोनाड्यातले देव काढले आणि रिकाम्या कोनाड्यात पोराची पाटी ठेवली. आई मुक्ताबाई रोज तो कोनाडा पुसायची, पाटीही पुसायची, आणि कधीकधी घाईत पाटीवरचा अभ्यासही पुसून टाकायची. मग पोरगं रडायचं आणि पुन्हा लिहायचं. अक्षर सुधारलं ते असं, असं तो स्वतःच हसत सांगे.

मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षं इकडंतिकडं करून तो एका साखर कारखान्यात कारकून म्हणून लागला. कारखाना सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर होता. नाव सांगण्यात अर्थ नाही, शिवेवरच्या माणसांना ते सांगायला लागत नाही आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. जालिंदरचं खातं शेतीचं. त्याला बसायला व्हरांड्यात एक स्टूल होतं, आणि वही ठेवायला स्वतःच्या मांड्या.

उसाच्या गाड्या यार्डात यायच्या त्या एकाच गेटातून. गेटावरचा माणूस गाडीचा नंबर आणि वेळ वहीत लिहायचा आणि गाडीवानाला पाळीचा बिल्ला द्यायचा. सकाळी आठ ते दुपारी चार या पाळीचा बिल्ला लाल, चारनंतरचा पिवळा. लाल बिल्लेवाल्या सगळ्या गाड्या गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळायला आत नेणाऱ्या पट्ट्यावर, रिकाम्या झाल्याशिवाय पिवळ्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. त्यामुळं चार वाजायच्या आत गेट गाठायला गाडीवान बैलांच्या शेपट्या पिरगाळत यायचे. पावणेचारला गेटावर जत्रा असायची आणि चारला चिटपाखरू नसायचं.

आधी वेळ आकड्यात लिहीत. पण त्र्याहत्तरच्या हंगामात कुणीतरी आकड्यांत खाडाखोड करून आपली गाडी पुढं घुसवली, ते उघडकीला आलं आणि यार्डात काठ्या निघाल्या. तेव्हा शेती अधिकारी हंबीरराव यांनी हुकूम काढला, की यापुढं वेळ अक्षरात लिहायची. आकडा फिरवता येतो, अक्षर फिरवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा हुकूम ऐकून दिवसपाळीचा गेटमन धुळा कोळेकर मटकन खाली बसला, कारण त्याला अक्षर म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं.

धुळा पन्नाशीचा धनगर. सारी हयात मेंढरांमागं चाललेला. घाटात दरड अंगावर येऊन डावा पाय कायमचा अधू झाला तेव्हा मेंढरं भावाकडं गेली आणि धुळा गेटावर आला. आकडे त्याला पक्के येत, हजार मेंढरांत एक कमी असलं तर त्याला मोजण्याआधीच समजे. आणि पंचक्रोशीतला प्रत्येक बैल तो शिंगावरून ओळखे. पण लिहिता आलं नाही तर गेट जाणार, आणि गेट गेलं तर बगॅसच्या, म्हणजे पिळून उरलेल्या चिपाडाच्या, ढिगावर पाट्या उचलाव्या लागणार. तो पाय घेऊन पाटी उचलणं त्याच्यानं होण्यासारखं नव्हतं.

तेव्हा जालिंदरनं त्याला शिकवायचं घेतलं. उन्हाळ्यात गळीत बंद असतं, यार्डात वारा आणि पाचट याशिवाय काही नसतं. गेटाच्या खोलीत दोघं बसायचे. टाइम ऑफिसच्या दारात लोणंदहून आणलेला रुळाचा तुकडा टांगला होता, त्यावर दर पाव तासाला टोला पडे. म्हणजे वेळा पाव तासाच्याच. जालिंदरनं हिशेब केला. आठ, सव्वाआठ, साडेआठ, पावणेनऊ, असं करत पावणेचारपर्यंत बरोबर बत्तीस शब्द. बत्तीस शब्द आले की धुळाचं गेट वाचलं.

"तात्या, चार बी शिकून ठेवा. तेहेतीस हुतील," जालिंदर म्हणाला.

"न्हाई गड्या. बत्तीसच. दात बी तेवढंच असत्यात." धुळा त्याला मास्तर म्हणे, पण मनात आलं की गड्यावर येई. "चार वाजलं की म्या गेटावर नसतोय. ज्ञानूचं चार ज्ञानूला."

ज्ञानू हा चारनंतरचा गेटमन. तर चार राहिलं. बाकीचे बत्तीस मात्र धुळानं दोन महिन्यांत असे पाठ केले, की झोपेतून उठवून विचारलं तरी पावणेअकरा लिहून दाखवील. खोड एकच. तो लिहीत नसे, कोरत असे. जांभळी कॉपिंग पेन्सिल मुठीत धरायचा आणि जमिनीत मेख ठोकावी तसा कागदावर जोर द्यायचा. पानं मागच्या बाजूनं इतकी खडबडीत होत, की तिकडं कुणालाच लिहिता येत नसे. "तात्या, हलक्या हातानं लिवा," असं जालिंदरनं त्याला शंभरदा तरी सांगितलं असेल. धुळा मान हलवायचा आणि पुन्हा तेच.

आता जालिंदरच्या कामाचं सांगतो. हंबीररावांना रोज संध्याकाळी तासवारी लागे. तासवारी म्हणजे कुठल्या तासात किती गाड्या आल्या त्याचा तक्ता. त्यावरून ते ठरवायचे, की उद्या कुठल्या गावानं ऊस कधी तोडायचा. त्या चिठ्ठ्या घेऊन सायकलवाले सहाला गावोगाव निघत. तासवारीत वरच्या पाव, अर्ध्या, पाऊण तासाला किंमत नाही. तीन वाजल्यापासून चार वाजेपर्यंत आलेली गाडी तीनच्या तासातली, मग ती तीनच्या टोल्याला येवो की चारच्या टोल्याच्या तोंडावर.

काम सोपं, पण रीत लांबलचक. जालिंदर गेटाची वही उघडायचा, शेजारी दुसरी कोरी वही घ्यायचा आणि एकेक ओळ उतरून काढायचा. नंबर तोच, वेळेच्या जागी नुसता तास. साडेतीनशे ओळी. उतरून झाल्यावर मग मोजणी. तासवारी साहेबांच्या टेबलावर पोचायची आठ वाजता, आणि सायकलवाले गेलेले असायचे सहाला. म्हणजे ती तासवारी कालच्या जेवणाला आजचं मीठ. साहेब रोज चिडायचे आणि अंदाजानं चिठ्ठ्या द्यायचे.

चौऱ्याहत्तरच्या हंगामात कागदाची टंचाई आली. भांडारातून सांगितलं, गेटाला एक वही मिळेल, तासवारीला वेगळी मिळणार नाही. दुसरा कुणी असता तर हात वर करून मोकळा झाला असता. जालिंदर दोन दिवस विचार करत बसला आणि तिसऱ्या दिवशी त्याला सुचलं, की उतरून काढायचंच कशाला? शब्द वहीत आहेतच. साडेदहा लिहिलंय, त्यातला साडे काढला की उरतो दहा. सव्वातीनमधला सव्वा गेला की तीन. जिथल्या तिथं, त्याच पानावर, त्याच ओळीत. नवीन वही नको, उतरणं नको, दौतीत बोरू बुडवायचा आणि पुढचा तुकडा झाकत खाली यायचं.

काही शब्द आडमुठे होते. दीडमध्ये एक कुठं दिसतो? अडीचमध्ये दोन? पाऊण आणि नुसता सव्वा यांच्यातही तास नावाला नाही. हे चार शब्द त्यानं एका चिठ्ठीवर लिहिले, समोर त्यांचे तास लिहिले आणि चिठ्ठी दौतीला चिकटवली. दीड आला की तो पुरता झाकायचा आणि वर एक लिहायचा. या चौघांवर त्याची करडी नजर असे, आणि त्यांच्याबाबतीत त्याची एकही चूक झाली नाही. साहेबांना गिचमीड खपत नसे, म्हणून तो नुसती रेघ न मारता काळ्या शाईचा नेटका चौकोन भरायचा. पान कसं चित्रासारखं दिसायचं.

पहिल्याच दिवशी तासवारी सव्वापाचला टेबलावर. हंबीररावांनी घड्याळ बघितलं, मग जालिंदरकडं बघितलं.

"नवी वही कुणी दिली तुला?"

"कुणी न्हाई साहेब. जुनीतच केलं."

त्यांनी पान उलटंसुलटं करून बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "शाबास! डोकं आहे लेका तुला." हे खात्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. आठवड्याच्या आत जालिंदरचं स्टूल व्हरांड्यातून गेलं आणि त्याला आत, खिडकीजवळ, खणाचं टेबल मिळालं. त्या रविवारी घरी गेल्यावर त्यानं आईला टेबलाची लांबी-रुंदी हात पसरून दाखवली. मुक्ताबाईनं विचारलं, "खणाला कुलूप हाय का?" आहे म्हटल्यावर तिनं पदरानं कोनाडा पुन्हा एकदा पुसला. जालिंदरला फार आनंद झाला होता, आणि तो लपवावा असं त्याला त्या दिवशी वाटलं नाही.

महिना असा छान गेला. एक गोष्ट फक्त साहेबांना खटकत होती. तक्ता म्हणायचा, तीनच्या तासात गाड्या बेताच्या. म्हणून त्यांनी आणखी दोन गावं त्या वेळेला लावली. आणि यार्डात जाऊन बघावं तर तीननंतर बैलाला शेपटी हलवायला जागा नाही. यार्ड खोटं बोलत नाही आणि जालिंदरचा तक्ता तर नाहीच नाही, असं म्हणत ते डोकं खाजवायचे. मग एका सकाळी त्यांनी गेटाची वहीच मागवली आणि तासभर चाळली.

जालिंदरला बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. रागावलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"हे बघ. धुळ्याचं पान. शेवटच्या ओळी वाच."

जालिंदरनं वाचलं. काळा चौकोन, चार. काळा चौकोन, चार. पन्नास-साठ गाड्या.

"धुळ्याची पाळी चारला संपते. मग चारच्या तासातल्या गाड्या याच्या पानावर कशा? रोज! म्हणजे चारनंतर आलेल्या गाड्या हा आपल्या पानावर घेतो आणि त्यांना लाल बिल्ला देतो. लाल बिल्ला विकत मिळतो असं माणसं बोलायची, ते मला आता कळलं. मी त्याला भोळा समजत होतो रे." हंबीरराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उद्यापासून त्याला बगॅसवर टाक. पोलिसात देत नाही, त्याच्या पायाकडं बघून. हुकूम तू लिही, मी सही करतो."

जालिंदर टेबलाशी येऊन बसला. धुळातात्यानं असं केलं असेल? बिल्ल्यासाठी लोक काय काय देऊ करतात हे त्याला माहीत होतं. कोंबडी, गूळ, तंबाखू. मनात पाल चुकचुकली, आणि चुकचुकली म्हणून स्वतःची लाजही वाटली. त्यानं कागद घेतला आणि सुरेख अक्षरात लिहायला लागला. "गेटमन धुळा बिरू कोळेकर यांनी आपली पाळी संपल्यानंतर आलेल्या गाड्यांची नोंद स्वतःच्या पानावर करून वेळेच्या रकान्यात चार"

बोरू तिथंच थांबला.

चार? धुळातात्यानं चार लिहिलं? त्यांना चार येतच नाही. मीच शिकवलं नाही. बत्तीस शब्द, दात तेवढेच, आणि शेवटचा शब्द कुठला?  सव्वा काढला की मागं उरतो तो खरा तास. साडे काढला तरी खरा तास. पण पावणेचारमधला पावणे काढला की उरतं चार, आणि चार तर अजून वाजलेलेच नसतात! दीड-अडीचवर डोळ्यात तेल घालून बसलो, आणि पावणे रोज समोरून ऐटीत निघून गेला. लहान पोराला कळतं पावणेचार म्हणजे तीन वाजून गेलेत, चार व्हायचेत. आपल्याला महिनाभर कळलं नाही.

बाकीच्या तासांत हे कुणाला दिसलं नसतं, कारण जाणारी गाडी पुढच्या तासात जायची आणि मागच्यातली एखादी यायची. ज्ञानूची पाळी रात्री बाराला संपे आणि पावणेबाराला गाडी कुठली यायला. पहाटपाळीचंही तसंच, पावणेआठला यार्डात कुत्रं नसायचं. पकडला गेला तो एकटा धुळा, कारण सगळी जत्रा त्याच्याच पावणेचारला भरायची.

आता साहेबांना सांगायचं तर दाखवायचं काय? चौकोनाखाली सव्वा आहे, साडे आहे की पावणे आहे, हे त्याचं त्यालाही दिसत नव्हतं. इतकी नेटकी शाई भरलेली. नुसती रेघ मारली असती तर आज वाचता आलं असतं. आणि तोंडी सांगावं तर साहेब म्हणणार, मित्राला वाचवतोस. त्यानं खिडकीतून आत आलेलं ऊन बघितलं, टेबलाचा खण बघितला. हुकूम पुरा करून दिला तर कुणाला काही कळणार नव्हतं. हेही त्याच्या मनात आलं, आणि ते आलं होतं हे तो पुढं कधी नाकारत नसे.

वही मिटायला म्हणून त्यानं पान उलटलं आणि बोटांना काहीतरी टोचलं.

मागची बाजू. खडबडीत. त्यानं डोळे मिटून अंगठा फिरवला. उलटी अक्षरं, पण फुगून वर आलेली, एकेक काना-मात्रा जाणवणारी. शाई पुढं होती, मागं नव्हती. उजेडात पान तिरपं धरलं आणि पावणे, पावणे, पावणे, अशी उजवीकडून डावीकडं वाचायची अक्षरं ओळीखाली ओळ उभी राहिली. शाईच्या चौकोनाला धुळाच्या पेन्सिलीनं मागून भोकच पाडलं होतं म्हणा ना. जालिंदरला रडू यायला लागलं, आणि खात्यात सगळे असताना त्यानं ते येऊ दिलं.

तो वही घेऊन थेट आत गेला.

"साहेब, धुळातात्यांनी काय केलं न्हाई. चूक माझी हाय. पावणे खोडला म्या, आन् तास पुढं सरकला."

"काय बोलतोयस?"

"हितं बोट फिरवा साहेब. मागनं."

हंबीररावांनी चष्मा वर केला, बोट फिरवलं. एका ओळीवर, दुसऱ्या ओळीवर, मग मधलं दुसरंच पान काढून तिसऱ्या दिवसावर. त्यांचे ओठ हलत होते. "पा... व... णे." मग ते खुर्चीत मागं टेकले आणि एकदम म्हणाले, "म्हणजे तीनच्या तासात गर्दी होतीच की रे! आणि मी तिथंच आणखी दोन गावं कोंबली!" ते आधी हसले आणि मग भडकले. महिनाभर बैल उन्हात उभे राहिले ते जालिंदरच्या हुशारीमुळं, आणि शाबास म्हणणारे ते स्वतः, हे त्यांना काही केल्या गिळता येईना. पाच मिनिटं त्यांनी त्याची चांगली हजेरी घेतली. जालिंदर उभा राहून ऐकत होता. टेबल जातंय असं त्यानं धरूनच टाकलं होतं.

"वही दुसरी मिळणार नाही," शेवटी ते म्हणाले. "उतरून काढशील तर पुन्हा आठ वाजणार. मग?"

"जुनीतच करतो साहेब. पर शाई न्हाई लावनार. खालनं शिसपेन्सिलीची बारीक रेघ, आन् तास समासात. पावणे असला तर एक तास मागचा. तात्यांचा शबुद हाय तसा ऱ्हाईल."

हंबीररावांनी अर्धा लिहिलेला हुकूम उचलला, चार या शब्दाशी थांबलेला, आणि फाडून टोपलीत टाकला. टेबलाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही, त्यामुळं ते जालिंदरकडंच राहिलं. "धुळ्याला काय सांगायचं ते तूच सांग जा. मी नाही सांगणार," एवढं मात्र म्हणाले.

जालिंदर गेटावर गेला तेव्हा पावणेचारचा टोला नुकताच पडला होता. जू, घुंगरं, शिव्या, धूळ, आणि मधोमध धुळा एका पायावर भार देऊन पेन्सिल रोवत उभा. जालिंदर बाजूला थांबला. चारला भोंगा झाला, ज्ञानू आला, लाल बिल्ल्यांची पेटी बंद झाली, आणि मगच तो धुळाला घेऊन खोलीत बसला. सगळं सांगितलं. हुकूमसुद्धा सांगितला, आणि तो कुणाच्या अक्षरात होता तेही.

धुळानं पेन्सिलीचं टोक अंगठ्यानं चाचपलं. मग म्हणाला, "म्या चोर हाय आसं तुमाला वाटलं, मास्तर?"

"वाटलं, तात्या. घटकाभर."

"घटकाभर." धुळानं मान हलवली. मग त्यानं वही ओढली, पान उलटलं आणि मागून अंगठा फिरवत राहिला. त्याला उलटं वाचता येत नव्हतं, पण आपलं कोरलेलं आपल्याला कळतंय असा त्याचा चेहरा होता. "ह्यो पावणे?"

"व्हय."

"आन् तुमी खोडल्यावर काय ऱ्हायलं?"

"चार."

धुळानं मुठीतली पेन्सिल पुढं केली. "मग आता तेवढं चार शिकवा मला."

"कशाला? तुमीच म्हनला हुता, ज्ञानूचं चार ज्ञानूला."

"व्हय. पर माझं नव्हं ते कसं दिसतंय, ते मला ठावं पायजे."

जालिंदरनं एका रद्दी कागदावर लिहून दाखवलं. धुळानं खाली मान घातली, जीभ दातात धरली आणि तेहेतिसावा शब्द कोरायला घेतला. पेन्सिल कागदातून आरपार गेली आणि खालच्या फळीवर चर उमटला. हलक्या हातानं लिवा, असं जालिंदर या वेळी म्हणाला नाही.